व्हायोलिनच्या पेटीत टॉमीगन, म्हणजे हातात धरायची थॉम्पसन मशीनगन, मावते का?

दुपारी जेवण अंगावर आलं की असले प्रश्न पडतात. ब्रुकलिन नावाचं कॉमिकमधलं पोरगं ती पेटीतूनच नेतं. डोक्यावर डर्बी हॅट, काखेत पेटी. जो सायमन आणि जॅक कर्बी यांचे ‘बॉय कमांडोज’ जून १९४२च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये आले, ६४व्या अंकात. ब्रुकलिन अमेरिकन, अल्फी इंग्रज, आंद्रे फ्रेंच, यान डच. वर कॅप्टन रिप कार्टर. उडता एकालाही येत नाही.

आता माप घ्या. पेटी साधारण ८० सेंटिमीटर. १९२८ची टॉमीगन जवळपास ८५. म्हणजे तिरकीसुद्धा बसणार नाही. दस्ता उतरवायचा: खटका दाबून मागे ओढला की निघतो, मग आरामात मावते. पण ही सोय जुन्या मॉडेललाच. युद्धातल्या सुटसुटीत ‘एम वन’चा दस्ता पक्का, तो असा निघत नाही. गोल ड्रम वेगळा ठेवायचा. त्यात ५० गोळ्या, वर घड्याळासारखी किल्ली द्यायची, आणि बोल्टची मूठ मागे ओढल्याशिवाय तो बंदुकीत सरकत नाही. शिवाय चालताना आतल्या गोळ्या खुळखुळतात; रात्री गस्तीवर हा खुळखुळाच घात करतो. म्हणून सैनिकांना २० किंवा ३० गोळ्यांचं सरळ मॅगझीन बरं वाटे. रिकामी बंदूकच पाच किलोच्या आसपास. काखेत व्हायोलिन असल्यासारखं हुंदडणं काही खरं नव्हे! पण चित्रात वजन कुठे दिसतं?

पोरांच्या नावाचं कॉमिक चाललं १९४९पर्यंत. १९४३मध्ये कर्बी लष्करात गेला आणि सायमन तटरक्षक दलात. जाण्याआधी दोघांनी पानांचा साठा करून ठेवला होता.

चौघांत आपलं कुणी नाही. असतं तर फेटा बांधलेला राजपुत्रच काढला असता, हत्तीसकट.

रायगडच्या एका खऱ्याखुऱ्या सैनिकाकडे, नाईक यशवंत घाडगे यांच्याकडे, टॉमीगनच होती. १० जुलै १९४४, इटली, टायबरचं खोरं. तुकडीतले बाकीचे सगळे मेलेले किंवा जखमी. हे एकटेच शत्रूच्या मशीनगनवर धावले. हातबॉम्बने ती बंद पाडली, एकाला गोळी घातली. दोघे उरले होते आणि मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. नळी हातात धरून त्यांनी दस्त्यानेच दोघांना संपवलं. मग दडलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२.

त्या बंदुकीचा दस्ता जागेवर होता.