तुम्ही विचारलंत म्हणून: बोटीवर डिझेलची कुठली शेगडी?

मुलगा-सून इंग्लंडात कालव्यावरच्या बोटीत राहतात, थंडीत हाल होतात, तर "डिझेलची कुठली शेगडी घ्यावी, एकच नाव सांगा," असा फोन सोलापुरातल्या ओळखीच्या घरांतून येत राहतो. पारा 43 वर असताना मे महिन्यातही येतो, कारण तिकडे ही खरेदी उन्हाळ्यातच उरकायची असते. मी नाव सांगत नाही, म्हणून माणसं नाराज होतात. पण बोट कशी वापरणार हे न विचारता नाव सांगणं म्हणजे फसवणूक आहे.

गॅसशी माझं वैर नाही. पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दार उघडून घालवता येतो. बोटीत तो तळाशी जाऊन बसतो आणि तिथून निघायला वाट नसते. शिवाय एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन आतच राहतं, खिडक्यांवरून ओघळतं, गाद्या ओल्या करतं. चिमणीवाल्या डिझेल शेगडीची वाफ नळीतून बाहेर जाते.

आता डिझेलमधले दोन प्रकार. पहिला ब्लोअर हीटर: वेबास्टो, एबरस्पेखर वगैरे. बटण दाबलं की काही मिनिटांत गरम हवा. दोन किलोवॅटचा हीटर तासाला 100 ते 280 मिली डिझेल पितो. सुरू होताना ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) 12 व्होल्टच्या बॅटरीतून आठ-दहा अँपिअर ओढतो. वायर बारीक असेल तर तिथेच व्होल्टेज पडतं, हीटर पेटत नाही आणि लोक कंपनीला नावं ठेवतात. दुसरं दुखणं म्हणजे मंद चालवणं. "मोठाच घेऊ, कमी करून वापरू" या हिशोबानं घेतलेला हीटर आतून काजळीनं चोंदतो. लहान घ्या आणि अधूनमधून अर्धा तास पूर्ण ताकदीनं चालवा. हीटर बंद करताना बॅटरीचा स्विच लगेच बंद करू नका. पंखा आतला भाग थंड करून आपोआप थांबतो. रोज संध्याकाळी कामावरून येऊन चार तास ऊब हवी असेल, तर हाच प्रकार बरा.

दिवसरात्र बोटीतच असाल तर दुसरा प्रकार: रेफ्लेक्स किंवा डिकिन्सनसारखी, आतल्या जळणाच्या भांड्यात थेंब थेंब डिझेल सोडणारी शेगडी. टाकी उंचावर असेल तर हिला विजेची गरज नाही. मंद आचेवर दिवसाला अडीच ते साडेतीन लिटर. पण हिची सगळी मदार चिमणीच्या ओढीवर, म्हणजे धूर वर खेचण्यावर. चिमणीची नळी किमान चार फूट, सरळ, आणि वळण टाळता येत नसेल तर 45 अंशांच्या आतलं.

या ओढीचं महत्त्व मी कितीही सांगितलं तरी कोणी मनावर घेत नाही, म्हणून ओळखीच्या एका घरच्या मुला-सुनेच्या बोटीवर जे झालं ते सविस्तर सांगतो. शेगडी व्यवस्थित पेटलेली होती. फोडणीचा धूर झाला म्हणून त्यांनी एक्झॉस्ट पंखा लावला. खिडक्या, झरोके थंडीमुळे कापड कोंबून बंद. पंख्याला हवा कुठून तरी हवीच, ती त्यानं चिमणीतून खाली खेचली. ज्योत आधी पिवळी, लोळणारी झाली, मग विझली. डिझेल सोडणारी झडप मात्र उघडीच होती. तापलेल्या भांड्यात डिझेल पडत राहिलं आणि त्याची पांढरी वाफ होत राहिली. ती वाफ बघूनही मुलानं झाकण उचललं आणि पेटता कागद आत टाकला. धप्पकन आवाज झाला, वरची कडी उडाली, चिमणीतली काजळी सगळ्या खोलीभर, मुलाच्या भुवया आणि मनगटावरची कातडी गेली. डोळे वाचले. त्याच्या आईनं मला विचारलं, "डिझेल सुरक्षित म्हणालात ना?" म्हणालो होतो, आणि आजही म्हणतो. थंड डिझेलला काडी लावली तर ते सहजासहजी पेटत नाही. गरम भांड्यावर त्याची वाफ झाली की ते वेगळंच प्रकरण होतं. पंपाचा स्टोव्ह गरम असताना भडकतो, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून विझली की आधी झडप बंद. भांड्याला हात लावता येईल इतकं ते थंड होऊ द्या, तास लागला तरी चालेल. साचलेलं डिझेल फडक्यानं टिपून काढा. मग थोडंच डिझेल सोडून पेटवा. एक झरोका कायम उघडा, आणि झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. शेगडी कुठलीही असो, यात सूट नाही. इंजिनच्याच टाकीतून डिझेल घेत असाल, तर शेगडीची नळी इंजिनच्या नळीपेक्षा वर संपवा, म्हणजे शेगडीनं टाकी ओढून संपवली तरी इंजिनापुरतं शिल्लक राहतं.

स्वयंपाकाचं म्हणाल तर माझंच मत माझ्याशी भांडतं. पूर्वी मी सांगायचो, ऊब आणि स्वयंपाक एकाच शेगडीवर करा: टाकी एक, चिमणी एक, छताला भोक एकच. तो मुद्दा आजही पटतो. पण शेगडीचा वरचा पत्रा तापायला अर्धा-पाऊण तास जातो, आच चटकन कमी होत नाही, गोल बुडाची कढई टेकत नाही. ज्वारीची भाकरी होते. सपाट बिडाचा तवा आतल्या जळणाच्या भांड्याच्या नेमका वर ठेवायचा, आणि विस्तव नसल्यानं भाकरी तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवायची. जुलैत मात्र चहासाठी अख्खी बोट तापवावी लागते. तेव्हा इंडक्शन घ्या म्हणावं, तर दोन किलोवॅटची इंडक्शन पूर्ण ताकदीवर अर्ध्या तासात एक युनिट खाते, म्हणजे 12 व्होल्टला साधारण 90 अँपिअर-तास. तेवढी बॅटरी सगळ्यांकडे कुठून असणार?

तेव्हा फोन करताना बोटीची लांबी, छताची उंची, नळी सरळ वर कुठून जाईल ती जागा, बॅटरी किती आणि दिवसातले किती तास घरात असता, एवढं लिहून घेऊन बसा.