पाणी ओसरल्यावरचं भिगवण

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. पहाटे चारला पुण्यातून निघालो, सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर, आणि भिगवण ओलांडून कुंभारगावच्या काठावर पोचलो तेव्हा तांबडं फुटत होतं. बरेच जण पक्षी बघायला डिसेंबरातच इथे येऊन जातात. मला विचाराल तर खरे दिवस हे. उजनी धरणाचं पाणी ओसरून गाळ उघडा पडतो आणि गुडघाभर पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात.

तिनशेच्या आसपास होते. माना खाली घालून, चोच उलटी करून गाळ चाळत होते. होडीवाल्या दादांना निघतानाच सांगितलं होतं, ‘थवा उडवायचा नाही.’ त्यांनी लांबूनच इंजिन बंद केलं, होडी वल्ह्यावर घेतली. अर्धा तास बसलो, एकही पक्षी बिचकला नाही. उडत्या पंखांच्या फोटोसाठी होडी थव्यात घालायला लावणारे असतात. कृपा करून तसं करू नका. चरणं हेच त्यांचं दिवसभराचं काम, प्रत्येक उड्डाणात ते मोडतं.

काठच्या हिरवळीवर हंसाच्या कुळातले पट्टकदंब चरत होते, डोक्यावर दोन काळे पट्टे. मार्चमध्ये ते हिमालयापल्याड निघतील, त्यामुळे ते बघायचे तर आताच. बाकी थापट्या, तलवार बदक, चित्रबलाक, शेकाटे, नदी सुरय. खुंटावर मासा फाडत बसलेली मोरघारही दिसली.

सूर्योदयालाच होडीत बसा. नऊनंतर पाण्यावर ऊन तळपतं आणि दुर्बिणीत सगळं थरथरतं. पहाटे स्वेटर लागतो, दहाला टोपी. होडीचे पैसे आणि वेळ आधी ठरवा. लाईफ जॅकेट मागून घ्या, नसेल तर दुसरी होडी बघा. भडक कपडे नकोत. जेवण गावातच सांगून ठेवा: चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी.

आणि जेवून लगेच परतू नका. आम्ही संध्याकाळी ज्वारीच्या शेतांकडे थांबलो. साडेसहाच्या सुमारास भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, जमू लागल्या, आधी पन्नास, मग हजारो. आभाळात धुरासारखा तो थवा पसरे, आवळे, वळे. डोक्यावरून गेला की पंखांचा नुसता सरसराट. अंधार पडता पडता सगळा थवा एकदम बाभळींत उतरला आणि त्या झाडांतून कलकलाट सुरू झाला.