कंट्रोल-डब्ल्यू

१९९६ साली मी एका पतसंस्थेसाठी फॉक्सप्रो २.६ मध्ये, म्हणजे नोंदी ठेवायच्या एका जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत, प्रोग्रॅम लिहिला. डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचा, निळ्या पडद्याचा. रोजकीर्द, खतावणी, तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावेची जुळवणी), पिग्मी, सगळं त्यात. वय बावीस, आणि कोडमध्ये टिपा लिहिणं मला कमीपणाचं वाटायचं. त्याची शिक्षा गेल्या वर्षी भोगली, कारण तो नव्याने लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालत नाहीत. म्हणून संस्थेतल्या कुणीतरी तो डॉसबॉक्समध्ये बसवला होता. डॉसबॉक्स म्हणजे नव्या संगणकात जुन्या डॉसचं सोंग आणणारा प्रोग्रॅम, मुळात जुन्या गेम्ससाठी. म्हणजे लोक ज्यात प्रिन्स ऑफ पर्शिया खेळतात, त्यातच गावाच्या ठेवी! (१९९६ मध्ये जेवणाच्या सुट्टीत याच संस्थेत तोही खेळलोय, पण ते असो.)

प्रिन्सचं मला फार अप्रूप आहे. जॉर्डन मेकनरने तो ॲपल-२ संगणकासाठी असेंब्ली या यंत्राच्या जवळच्या भाषेत लिहिला, १९८९ मध्ये आला. मूळ कोडच्या फ्लॉप्या पुढे वडिलांच्या घरी सापडल्या आणि २०१२ मध्ये त्याने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. डॉसवरच्या प्रिन्सचं मात्र चाहत्यांनी यंत्रभाषेतून उलट वाचन करून सी भाषेत नवं रूप केलं, एसडीएलपॉप. त्यात जुन्या चुका दुरुस्त केल्यात, पण प्रत्येक दुरुस्तीला सेटिंग्जच्या फायलीत वेगळं बटण आहे. बंद केलं की जुनी चूक जशीच्या तशी परत. हे मी आधी नुसतं कौतुकाने वाचलं होतं. कामाला नंतर आलं.

माझ्या जुन्या कोडमध्ये व्याजाच्या हिशेबात एके ठिकाणी नुसता १० होता. कसला, काही आठवेना. अर्धा दिवस गेल्यावर ट्यूब पेटली. पूर्वी बचत खात्याचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळायचं. बँकांनी १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर द्यायला सुरुवात केली, पण आमच्या १० ला ते कुणी सांगितलंच नव्हतं. सचिवांना विचारलं, तर म्हणाले, "सभेत ठराव होईपर्यंत आहे तसंच ठेवा." ठेवलं. बटण करून.

मग तीन महिने दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवले. तिमाहीला काही खात्यांवर बरोबर एक रुपयाचा फरक. बाकीची चोख, म्हणून जास्तच डोकं फिरलं. शेवटी सापडलं: नवा प्रोग्रॅम पायथन भाषेत लिहिलाय, आणि तिचा राउंड (पैसे पूर्ण रुपयात करणारी आज्ञा) बरोबर अर्ध्यावर आला की जवळच्या सम आकड्याकडे जातो. ११३.५० चे ११४ होतात, पण ११२.५० चे ११२. फॉक्सप्रो तिथे ११३ देतो. कारकून तसंच करतो, सभासदही तसंच मोजतो. पायथनचीच डेसिमल ही सोय वापरून अर्ध्याला वर ढकललं आणि तेरीज जुळली.

आता संपलं म्हणेपर्यंत कॅशियर ताईंचा फोन. "अरे, व्हाउचर गायबच होतंय बघ." जाऊन शेजारी बसलो. ताईंनी रक्कम टाकली, एंटर, एंटर, आणि न बघता कंट्रोल-डब्ल्यू दाबलं. फॉक्सप्रोत त्याचा अर्थ जतन करून बाहेर पड. नवा प्रोग्रॅम मात्र ब्राउझरमध्ये चालणारा, तिथे टॅबच बंद. एकोणतीस वर्षं तीच दोन बोटं तिथेच पडतायत, आणि मी काउंटरवर सांगत होतो की माउसने हिरवं बटण दाबा.

वेब पानाला ब्राउझरकडून ती कळ हिसकावून घेता येत नाही. म्हणून सगळं पान इलेक्ट्रॉनच्या (वेब पानाला स्वतंत्र प्रोग्रॅमसारखं चालवणाऱ्या साधनाच्या) खोक्यात घातलं, कंट्रोल-डब्ल्यूला जतन करायला लावलं आणि एंटरने पुढच्या रकान्यात जायची सोय केली. ताईंनी चार व्हाउचर मारून पाहिली.

"हां, आता बरोबर," त्या म्हणाल्या. "पण पडदा पांढरा कशाला केलास रे? डोळे दुखतात."

निळ्याचंही बटण केलंय.