पहिली नापास मुलगी

गुरुवार, रात्री साडेदहा

दुपारी इथल्या एका कॉलेजातल्या मॅडम येऊन गेल्या. रविवारी त्यांच्याकडे विद्यार्थिनींचा मेळावा आहे, दहा मिनिटं बोला म्हणाल्या. विषय ठरवूनच आणला होता : 'मुलांच्या कॉलेजातल्या पहिल्या मुली आणि त्यांचा संघर्ष.' "ताई, तुमच्या वेळी किती सोसावं लागलं असेल, ते या पोरींना कळलं पाहिजे." बाहेर धो धो पाऊस. एवढ्या पावसात आलेल्या बाईला नुसता चहा पाजून नाही म्हणणं बरं दिसेना. हो म्हटलं.

आता वही उघडून बसलेय आणि व्यासपीठावरून सांगण्याजोगं काही सुचत नाही. संघर्ष म्हटलं की लोकांना दगडधोंडे लागतात, शेणाचे गोळे लागतात. ते सावित्रीबाईंनी झेललं. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या. त्यांच्या पुढं आपण कुठं तोंड उघडायचं? मला आठवतं ते पाणी. न प्यायलेलं.

१९७६ साली मी इंजिनिअरिंगला गेले. कॉलेज साताऱ्याबाहेरचं होतं, एवढं पुरे. सिव्हिलच्या वर्गात साठ जण, त्यात आम्ही तिघी : मी, एक कराडची, एक पंढरपूरची. आमच्या आधी त्या शाखेत मुलगी नव्हती. मुलींसाठी एक संडास होता, ऑफिसच्या मागच्या अंगाला, आणि त्याला कुलूप. चावी हेडक्लार्कच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेली. हरवू नये म्हणून तिला वीतभर लाकडी ठोकळा बांधलेला. म्हणजे आधी ऑफिसात जायचं, पाच-सहा पुरुषांसमोर "चावी" म्हणायचं, मग तो ठोकळा हातात घेऊन अख्खा व्हरांडा ओलांडायचा. दवंडी पिटण्यापेक्षा वेगळं काय होतं? परत येताना पुन्हा तीच वरात.

त्यावर आम्ही तोडगा काढला. सकाळी साडेदहापासून पाचपर्यंत पाणीच प्यायचं नाही. एप्रिलमध्ये सर्व्हेचं प्रॅक्टिकल असायचं, थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, खांद्यावर घेऊन माळावर तीन-तीन तास. मुलं डेऱ्यातलं पाणी डोक्यावर ओतून घ्यायची. आम्ही ओठ ओले करायचो. दुसऱ्या वर्षी मला लघवीचं इन्फेक्शन झालं. आत्याकडे राहत होते, तिनं डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, पाणी भरपूर पी. आत्या म्हणाली, "घरात दोन हंडे भरलेत, पीत का नाहीस?" काय सांगणार.

आता हे रविवारी शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन सांगू?

मुलं वाईट होती असं मात्र नाही. हे लिहून ठेवते, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. शिट्ट्या होत्या, बाकावर खडूनं लिहिलेली नावं होती, एकदा टी-स्क्वेअर पळवला. पण बहुतेक मुलं आम्हाला घाबरायची. वर्कशॉपचे मास्तर तर सगळ्यांत जास्त. फिटिंगच्या तासाला पहिला जॉब असतो दोन लोखंडी तुकडे कानशीनं घासून एकमेकांत बसवायचा. त्याला सगळीकडे मेल-फिमेल जॉइंट म्हणतात. मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "हा आतला तुकडा... आणि हा बाहेरचा तुकडा." मागं एकोणसाठातले सत्तावन्न... चुकलं, साठातले सत्तावन्न खुसखुसले. पुढं चार वर्षं आमच्या बॅचमध्ये मुलग्यांना 'आतले' आणि मुलींना 'बाहेरच्या' म्हणायचे. मास्तर बिचारे अब्रू राखायला गेले आणि नाव कायमचं चिकटवून बसले. नाव चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

शुक्रवार, पहाटे

झोप लागेना म्हणून उठले. काल जे लिहायचं होतं ते राहिलंच.

आमच्याबद्दल सगळे प्राध्यापक एकच वाक्य बोलायचे : "मुली सिन्सिअर असतात." आजही बोलतात. त्यामागची गंमत कुणाला ठाऊक नाही. ड्रॉइंगची शीट एकानं काढायची आणि बाकीच्यांनी जीटी मारायची, ही तेव्हाची रीत. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांच्या मध्ये काच ठेवायची, खाली बल्ब, काचेवर मूळ शीट, तिच्यावर कोरी शीट, आणि द्यायची गिरवून. आठ तासांचं काम दीड तासात. पण काच होस्टेलवर, बल्ब होस्टेलवर, आणि जीटीचा मुहूर्त रात्री अकराचा. मुलींचं होस्टेलच नव्हतं. मी आत्याकडे, पंढरपूरची मामाकडे, कराडची एका शिक्षिकेच्या घरी खोली घेऊन. दिवेलागणीच्या आत घरात. मागच्या वर्षीच्या जर्नली, सिनिअरांच्या नोट्स, 'यंदा अमुक प्रश्न नक्की' अशी कुजबुज, सगळं त्या होस्टेलच्या जिन्यावर हातोहात फिरायचं. आमच्यापर्यंत त्यातलं काही यायचं नाही. मग काय, काढा शीट आपली आपण, रात्री दोनपर्यंत, आत्याच्या स्वयंपाकघरात पाटावर बोर्ड ठेवून. याला सिन्सिअर म्हणतात!

तीच गत हजेरीची. मुलं एकमेकांची प्रॉक्सी लावायची. साठात एक "येस सर" दोनदा आलं तर कोण ओळखणार? आमचे आवाज तीन. त्यातला एक नसला तर सर वर बघायचे. चार वर्षांत मी एकही लेक्चर बुडवलं नाही. कौतुक नको, बुडवता येत नव्हतं. मॅटिनीला गेले असते तर संध्याकाळच्या आत आत्याला कळलं असतं.

मी हुशार नव्हते. हे कुणाला पटत नाही, त्या काळी इंजिनिअर झालेली बाई म्हणजे सरस्वतीच असणार. मी बेताची होते. गणित बरं, चित्र चांगलं, पाठांतर शून्य. वर्गात माझ्यासारखी मुलं पंचवीस-तीस तरी असतील, त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नव्हतं. मला मात्र बेताचं असण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या वर्षाला स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये मी नापास झाले. एटीकेटी मिळाली, वर्ष वाया गेलं नाही. वर्गात त्या विषयात बावीस जण उडाले होते. सरांनी निकाल वाचला आणि माझ्या नावाशी थांबून म्हणाले, "मुलींना जागा दिल्या की हे असं होतं. एका मुलाची सीट वाया." उरलेल्या एकवीस मुलांनी कुणाची सीट वाया घालवली ते काही बोलले नाहीत.

त्याचं मला फार लागलं नाही. त्याच दुपारी कराडची माझ्याशी बोलायची बंद झाली. ती वर्गात दुसरी आली होती. आठ दिवसांनी सायकल स्टँडवर गाठून म्हणाली, "तू नापास झालीस की आम्ही पण होतो. एवढं तरी कळायला पाहिजे होतं तुला." तिचं खोटं नव्हतं. तिचे पंच्याहत्तर टक्के तिच्या एकटीचे, आणि माझे अठ्ठावीस मार्क तिघींचे. मी पुढच्या परीक्षेला तो विषय काढला, चाळीसच्या आसपास. नंतर आम्ही बोलू लागलो, डबा वाटून खाल्ला, एकमेकींच्या लग्नांना गेलो. दिवाळीला अजून फोन असतो. सायकल स्टँडवरचं ते वाक्य आम्ही दोघींनी आजवर उकरलेलं नाही.

शनिवार

भाषणासाठी जुनं काही वाचत बसले दिवसभर. पहिल्या बायकांबद्दल शोधायला गेलं की सगळ्या अव्वलच भेटतात.

मुंबई विद्यापीठाची दारं मुलींना १८८३ साली उघडली. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेली तर मुलं तिच्या तोंडावर वर्गाचं दार लावून घ्यायची. ती पहिल्या वर्गात आली. विलायतेला जायची शिष्यवृत्ती गुणांवर तिची होती, ती मुलगी म्हणून नाकारली. मग वर्गणी करून तिला ऑक्सफर्डला पाठवलं. १८९२ ला तिथं कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ मध्ये. तीस वर्षं! ऑक्सफर्डनं बायकांना पदव्या द्यायला सुरुवातच १९२० ला केली.

केंब्रिजचं तर आणखी पुढचं. आपल्याकडे रँग्लर परांजपे म्हटलं की आमच्या अण्णांचे हात जोडले जायचे. १८९९ ला ते सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, साऱ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं, घ्यायलाच हवं होतं. त्याच परीक्षेत त्यांच्या नऊ वर्षं आधी, १८९० मध्ये, फिलिपा फॉसेट नावाची मुलगी सीनियर रँग्लरच्याही वर आली होती. निकालात तसंच वाचून दाखवलं : 'सीनियर रँग्लरच्या वर.' पण सीनियर रँग्लर ती नव्हे, कारण बायकांना क्रमांक नाही आणि पदवीही नाही. १८९७ ला पदवी द्यावी का म्हणून मतदान झालं, तेव्हा पोरांनी सायकलवर बसवलेला बाईचा पुतळा रस्त्यावर टांगला. ठराव आपटला. केंब्रिजची पूर्ण पदवी बायकांना मिळाली १९४८ ला. म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्यानंतर. अण्णांना हे ठाऊक असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. त्यांनी मला पाठवलं खरं, पण रोज रात्री देवापुढं दिवा लावून.

मद्रासच्या गिंडी कॉलेजात ए. ललिता इलेक्ट्रिकल शिकल्या, विधवा, पदरात लहान मुलगी. त्यांच्या प्रमाणपत्रावर छापलेला 'तो' खोडून 'ती' लिहावं लागलं म्हणे.

सगळ्या थोरच. पण वाचता वाचता मला एकच प्रश्न छळत होता. पहिली नापास मुलगी कोण? या कॉलेजांत कुणीतरी असेलच की. एखादी गणितात गचकली असेल, एखादी पहिल्या सत्रानंतर घरी परतली असेल, एखादीला ते सगळं मुळात आवडलंच नसेल. तिचं नाव कुठंच नाही. पहिल्या मुलाचा पुतळा होतो आणि नापास मुलाचा निदान मिमिक्रीत तरी उल्लेख होतो, नापास मुलगी मात्र झालीच नाही जणू.

आपल्या साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ चं, देशातलं पहिलं. साठ वर्षं मुलांचं. २०२१ पासून सगळ्या सैनिक शाळांत मुली आल्या. खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ ला बाहेर पडली, टीव्हीवर संचलन पाहिलं, डोळे भरून आले. आणि लगेच मनात आलं, या सतरा जणींतल्या एखादीचं तीन वर्षांत कधी पाऊल चुकलं असेल, तेव्हा ते एकीचं धरलं असेल की सतराजणींचं?

रविवार, रात्री

झालं भाषण. संघर्ष घरी ठेवून गेले. जीटी कशी मारायची ते सांगितलं, काच, बल्ब, खुर्च्या सगळं. मुली हसून लोळल्या. प्राचार्य खुर्चीत जरा सरसावून बसले. एटीकेटीचं सांगितलं तेव्हा शांतता झाली, मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली, मग दोघींतिघींनी. त्या कोण ते मला लगेच कळलं.

चावीचंही सांगितलं, ठोकळ्यासकट. सायकल स्टँडचं नाही सांगितलं. ती गोष्ट निम्मी तिची आहे, तिला न विचारता माइकवर कशी देऊ? दिवाळीला विचारीन म्हणते. दरवर्षी म्हणते.

शाल मिळाली, नारळ मिळाला, कंदी पेढ्यांचा अर्धा किलोचा बॉक्स मिळाला. साखर वाढलीय हे मॅडमना सांगायचं राहिलं.

घरी आल्यावर नातीला पुण्याला फोन लावला. ती सेकंड इयरला आहे, काँप्युटर. वर्गात मुली किती विचारलं तर तिला मोजायला लागलं. "आजी, असतील तीसेक. का गं?" मग म्हणाली, "आजी, आईला सांगू नकोस हं इतक्यात. माझा मॅथ्सचा एम-थ्री बॅक राहिला."

"सर काय म्हणाले?"

"कुठले सर? रिझल्ट ऑनलाइन लागतो. त्यांना माझं नाव पण माहीत नसेल."

मी गप्प बसले. तिला वाटलं मी रागावले.

"अगं आमच्यात नऊ जणींचा राहिलाय. पुढच्या वेळी काढीन ना. आत्ता सगळ्या मिळून मिसळ खायला चाललोय, ठेवू?"

"कुणी रडतंय का?"

"एक रडत होती सकाळी. आता तीच चल चल करतेय. ठेवते हं आजी, रिक्षा आली."