तेल कुणाच्या टाळूला लावायचं आणि कुणाच्या नाही

सांगलीत विश्रामबागला माझं पार्लर आहे, छोटंच, आणि दिवसभर माझं काम म्हणजे बायकांची डोकी बघणं. आपले केस कसे आहेत ते प्रत्येकीला पाठ असतं, कुठं फाटे फुटलेत, पांढरे किती झालेत, पण केसांच्या मुळाशी जी कातडी आहे ती आपल्याला स्वतःला कधी दिसतच नाही ना, त्यामुळे तिच्याबद्दल जे काही माहीत असतं ते सगळं ऐकीव. शेजारीण म्हणाली म्हणून, रीलमध्ये बघितलं म्हणून, आई लावायची म्हणून. मग होतं काय, जिच्या टाळूला तेल पाहिजे ती चिकट होतं म्हणून तेल सोडून देते आणि जिनं लांब राहायला पाहिजे ती रोज रात्री वाटीभर थापून झोपते. हे सारखं बघून मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून आज नीट बसून लिहितीये.

आपली टाळू कसली आहे हे ओळखायला माझ्याकडं यायची पण गरज नाही. साध्या शाम्पूनं डोकं धुवा, तेल-सिरम काही लावू नका, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भांग पाडून टिश्यू पेपर टाळूवर दाबून धरा, एकदा मध्यावर आणि एकदा कानामागं. कागदावर तेलाचा डाग पडला तर तेलकट, काहीच नाही आणि वर कातडी ओढल्यासारखी वाटतीये तर कोरडी, आणि पुसटसा डाग म्हणजे छान, तुम्हाला फार काही करायचं नाहीये. अनेकींची टाळू तेलकट आणि केसांची टोकं मात्र झाडूसारखी कोरडी असतात, विशेषतः स्ट्रेटनिंग केलेल्यांची. त्यांनी शाम्पू मुळांना चोळायचा, कंडिशनर फक्त खालच्या निम्म्या केसांना. कंडिशनर टाळूला चोळून बसणाऱ्या बायका मी रोज बघते.

हे तेल येतं कुठनं तर प्रत्येक केसाच्या मुळाशी एक ग्रंथी असते, ती सोडते, आणि किती सोडायचं हे बरंचसं हार्मोनवर ठरतं. म्हणून लहान पोरांचं डोकं चिकट होत नाही, वयात आल्यावर एकदम व्हायला लागतं आणि पाळी गेल्यावर हळूहळू कमी होतं. एकाच घरातल्या आजीला आणि नातीला एकच तेल, एकच शाम्पू आणि एकच न्हायचा वार कसा चालेल सांगा बरं. आणि ते "रोज धुतलं की तेल जास्त सुटतं" असं जे म्हणतात ना, तसं काही नसतं, धुण्यानं ग्रंथीला काही कळत नाही. तेलकट टाळू असलेल्या मुलीनं एक दिवसाआड, उन्हाळ्यात तर रोज सुद्धा सौम्य शाम्पूनं धुतलं तरी काही बिघडत नाही. मिरज रोडवरनं ऊन आणि धूळ खात, डोक्याला गच्च स्कार्फ गुंडाळून, वर हेल्मेट घालून येणाऱ्या पोरी आठवडाभर डोकं धुत नाहीत आणि मग खाज येते म्हणतात. तो स्कार्फ पण धुवा, दोन-तीन बदलून वापरा.

आता मुख्य गोष्ट. कोंडा आणि कोरडी टाळू ह्या दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि दोन्हींत पांढरं काहीतरी खांद्यावर पडतं म्हणून सगळ्याला कोंडाच म्हणतात. परवा एक कॉलेजची मुलगी आईबरोबर आली, हेअर स्पा करायचा होता, कोंडा जाईल म्हणून. मी शेपटीच्या कंगव्यानं एकेक भांग पाडत गेले तर मुळाशी पिवळसर, मेणचट पापुद्रे, खाली कातडी लालसर, कानाच्या मागं पण तेच आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना, भुवयांत सुद्धा थोडं. एक पापुद्रा बोटात घेऊन चुरडला तर भुगा न होता चिकटच राहिला. आई म्हणाली, "अहो रोज रात्री कोमट तेलानं मालिश करते हो मी हिला, तरी कोरडेपणा जाईना." माऊली किती मायेनं करत होती! पण हा कोरडेपणा नव्हताच. आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर मॅलॅसेझिया नावाची एक बुरशी असते आणि टाळूवरचं तेल हेच तिचं खाणं. ते खाताना ती जे सोडते ते काहींच्या कातडीला सोसत नाही, मग कातडी भराभर नवी व्हायला लागते आणि जुनीचे पापुद्रे सुटतात. त्यात आपण वरनं तेल ओतलं तर तिची आयतीच सोय होते.

त्या मायलेकींना मी स्पा केला नाही, स्किनच्या डॉक्टरांकडं पाठवलं, कारण चेहऱ्यावर पण आलं होतं. साधा कोंडा असेल तर मेडिकलमध्ये झिंक पायरिथिऑनचे शाम्पू मिळतात, त्यानं नाही भागलं तर २ टक्क्यांचा केटोकोनाझोल डॉक्टर देतात, साधारण आठवड्यातनं दोनदा, दोन ते चार आठवडे, आणि नंतर आठवड्या-पंधरवड्यानं एकदा, नाहीतर परत येतो. पण बायका फेस केला की लगेच तांब्या ओततात! अहो तो फेस टाळूवर ३ ते ५ मिनिटं राहू द्यायचा, औषध आहे ते, त्याला काम करायला वेळ द्या, तोवर बाकीची अंघोळ उरका.

कोरड्या टाळूचं चित्र उलटं असतं. बारीक, पांढरे, सुके कण, कंगवा फिरवला की झरझर पडतात, बोटात चुरडले की पीठ होतं, आणि बहुतेक वेळा हातापायाची कातडी पण फुटलेली असते. थंडीत वाढतं, कडकडीत पाण्यानं तर फारच. तासगावच्या एक काकू येतात माझ्याकडं, साठीच्या पुढच्या, त्या कोंड्याचा कडक शाम्पू एक दिवसाआड लावत होत्या आणि टाळू पार आग आग करत होती. त्यांना कोमट पाणी, सौम्य शाम्पू आठवड्यातनं एकदा आणि न्हायच्या आधी तासभर थोडं खोबरेल एवढंच सांगितलं, आता खाज पुष्कळ कमी आहे. म्हणजे बघा, एकीला तेल बंद आणि एकीला तेल सुरू, आणि दोघी आल्या होत्या "कोंडा झालाय" म्हणूनच.

खोबरेल वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही हां. ते केसाच्या आत मुरतं आणि धुताना, विंचरताना केसातलं प्रथिन कमी जातं, हे २००३ साली छापून आलेल्या एका भारतीय अभ्यासात सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइलशी तुलना करून दाखवलेलं आहे. पण तो फायदा केसाला आहे. म्हणून कोंडा असलेल्यांनी सुद्धा खुशाल लावा, फक्त कानाच्या खाली, केसांच्या लांबीला, आणि धुवायच्या आधी. लिंबू, बेकिंग सोडा असलं काही टाळूवर चोळू नका, लिंबू फार आंबट, सोडा एकदम उलट्या टोकाचा, आणि ओरखडे असलेल्या टाळूला दोन्ही झोंबतात.

पाण्याचं पण सांगायला पाहिजे. आपल्याकडं बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं जड पाणी, आणि जुनी माणसं अजून अंगाच्या साबणानंच डोकं धुतात. जड पाण्यात साबणाचा चोथा होतो, तो टाळूवर आणि केसांवर बसतो, धुतलेलं डोकं चिकट लागतं आणि वाटतं तेल निघालं नाही, की परत साबण. शाम्पूचं तसं होत नाही. शेवटचे दोन तांबे नळाच्या, म्हणजे कृष्णेच्या पाण्याचे घेतले तरी फरक जाणवतो.

एका ताईंबद्दल लिहायचंच आहे. त्यांच्या मानेवर केसांच्या रेषेबाहेर आलेला जाड, चंदेरी खवल्यांचा पट्टा होता, कोपरावर पण तसाच. घरी त्यांचा कंगवा, टॉवेल, उशी सगळं वेगळं ठेवलेलं, आणि खुर्चीत बसायच्या आधी त्यांनीच मला विचारलं, "चालेल ना तुम्हाला?" मला गलबलून आलं. हा सोरायसिस, तो संसर्गजन्य नसतो हो! कुणाला लागत नाही, कंगव्यानं नाही, स्पर्शानं नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या कातडीवर उलटते, त्याला डॉक्टरांचे उपचार लागतात आणि त्यानं बराच आटोक्यात राहतो. घरातल्यांनी कृपा करून त्या बाईला वेगळं काढू नका.

बाकी, केस जाऊन नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, कांदा-लसूण घासून कातडी सोलून घेऊ नका. लहान मुलाच्या डोक्यात खवले आणि तिथलेच केस तुटलेले दिसले तर बहुतेक गजकर्ण, त्याला पोटातनं औषध लागतं, नुसत्या मलमानं जात नाही, आणि ते मात्र एकमेकांना लागतं.

आणि डाय लावणाऱ्यांनो, पाकिटातली काळी मेंदी नुसती मेंदी नसते, बऱ्याचदा तिच्यात पीपीडी नावाचं रसायन असतं आणि ज्यांना ते चालत नाही त्यांची टाळू सुजते, पाणी सुटतं, डोळे सुद्धा बंद होतात. आधी कधी काही झालं नाही म्हणून पुढं होणार नाही असं नसतं. म्हणून लग्नकार्याच्या आदल्या दिवशी धावत येऊ नका, डाय लावायच्या दोन दिवस आधी या, कानामागं थोडासा लावून देते, ४८ तासांत खाज-लाली आली नाही तरच मग डोक्याला लावू.