तुम्ही विचारलंत म्हणून: कॅल्क्युलेटर कुठला घ्यायचा?

प्रवेशाच्या याद्या लागल्या की फोन सुरू होतात. "सर, पोराला डिप्लोमाला ॲडमिशन मिळालं. सायंटिफिक कॅल्क्युलेटर कुठला घेऊ?" विचारणाऱ्यांत नातेवाईक असतात, सोसायटीतले असतात, आणि आता माझेच जुने विद्यार्थीही असतात, कारण त्यांची मुलं दहावी-बारावीला आली. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकवतो, म्हणजे मला हे ठाऊक असणारच अशी सगळ्यांची खात्री.

एका वाक्यात उत्तर हवं असेल तर हे घ्या: वर्गात बाकीच्यांकडे जो आहे, तोच. आपल्याकडच्या बहुतेक इंजिनिअरिंगच्या वर्गांत तो कॅसिओचा एफएक्स-९९१ईएस प्लस असतो. घाईत असाल तर दुकानात जाऊन तो मागा आणि मोकळे व्हा. पुढचं सगळं "पण असं का?" विचारणाऱ्यांसाठी.

मी उलट पहिला प्रश्न करतो तो परीक्षेचा. अकरावी-बारावी सायन्स असेल तर कॅल्क्युलेटर घेऊच नका. बारावीच्या फिजिक्सच्या बोर्डाच्या पेपरवर स्पष्ट छापलेलं असतं की लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. जेईई मेनला नाही, नीटला नाही, एमएचटी-सीईटीलाही नाही. तरी हौशी पालक अकरावीच्या क्लासच्या फीबरोबरच हाही खर्च उरकतात, आणि पोरगं दोन वर्षं १.६ गुणिले ९ सुद्धा बटणं दाबून करतं. मग परीक्षेत लॉगच्या पुस्तिकेत मँटिसा (लॉगचा दशांश भाग) शोधताना घाम फुटतो. त्या वयात ती लॉगची पुस्तिकाच हाताखालून जाऊ द्या.

मुलगी सीए करणार असेल तर सायंटिफिकचा विचारही नको. सीएच्या परीक्षेत बॅटरीवर चालणारा, जास्तीत जास्त सहा फंक्शन, बारा अंकी आणि दोन मेमरीचा साधा कॅल्क्युलेटरच चालतो. तिथे मोठ्या बटणांचं, बोटांना सवयीचं झालेलं साधं यंत्रच कामाचं.

डिप्लोमा, डिग्री इंजिनिअरिंग, बीएस्सी, फार्मसी इथे मात्र सायंटिफिक लागतो. तिथे काय चालतं ते प्रश्नपत्रिकेवरच लिहिलेलं असतं, फक्त ते वाचतं कोण! एमएसबीटीईच्या (डिप्लोमाच्या परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाच्या) पेपरवरची सूचना सांगते की नॉन-प्रोग्रॅमेबल इलेक्ट्रॉनिक पॉकेट कॅल्क्युलेटर वापरता येईल, आणि तिच्याखालचीच ओळ सांगते की मोबाइल, पेजर वगैरे हॉलमध्ये आणता येणार नाही. आजच्या पोरांना पेजर म्हणजे काय ते मला वर्गात समजावून सांगावं लागतं. पुणे विद्यापीठाचे इंजिनिअरिंगचे पेपर तर त्याहून प्रेमळ. लॉग टेबल, स्लाइड रूल (हिशोबाची जुनी सरकती पट्टी), वाफेच्या गणितांचा मोलियर चार्ट, कॅल्क्युलेटर, स्टीम टेबल, सगळ्याला परवानगी. स्लाइड रूलला १९७२ साली ह्यूलेट-पॅकार्डच्या एचपी-३५ ने घरी बसवलं (तेव्हा त्याची किंमत ३९५ डॉलर होती), पण आपल्या सूचनेत तो अजून शाबूत आहे.

"नॉन-प्रोग्रॅमेबल" या शब्दाला पालक बिचकतात. ९९१ मध्ये समीकरणं सुटतात, मॅट्रिक्स होते, मग तो प्रोग्रॅमेबल नाही का? नाही. पायऱ्या लिहून साठवून ठेवता येतात आणि पुन्हा चालवता येतात, तो प्रोग्रॅमेबल. कॅसिओचाच एफएक्स-५८००पी तसला आहे, आलेख काढणारे मोठे कॅल्क्युलेटरही तसलेच. ते घेऊ नका. ९९१ च्या सगळ्या आवृत्त्या या बाबतीत बिनघोर आहेत.

आता मॉडेल. एफएक्स-८२एमएस स्वस्त आहे, दणकट आहे, आणि बीएस्सी किंवा फार्मसीला पुरून उरतो. लॉग, अँटिलॉग, स्टँडर्ड डेव्हिएशन, सगळं आहे. सिव्हिलच्या सर्व्हेइंगला लागणारं अंश-मिनिट-सेकंदाचं बटणही आहे: ४५ अंश ३० मिनिटांत २७ अंश ४५ मिनिटं मिळवली की ७३ अंश १५ मिनिटं सरळ दिसतात. पण इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ८२ घेऊ नये. त्यात कॉम्प्लेक्स नंबर (खरा आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या संख्या) नाहीत आणि आमचं अर्धं आयुष्य त्यातच जातं.

एसी सर्किटचं साधं गणित घ्या. २३० व्होल्ट, इम्पिडन्स (एसी करंटला होणारा एकूण विरोध) ६ अधिक जे ८; आमचा जे म्हणजे यंत्रावरचा आय. करंट किती? ईएस प्लसमध्ये मोड २ करायचं, २३० भागिले कंसात ६+८आय टाकायचं, आणि १३.८ वजा १८.४आय एका ओळीत समोर. (पहिल्यांदा ६९/५ असं अपूर्णांकात दाखवेल, तेव्हा घाबरून माझ्याकडे येऊ नका. एस-डी लिहिलेलं बटण दाबा.) पोलरमध्ये, म्हणजे लांबी आणि कोनात, हवं असेल तर २३, कोन वजा ५३.१३. जुन्या ९९१एमएसमध्येही हे होतं, पण तो आधी फक्त १३.८ दाखवतो. दुसरा भाग बघायला शिफ्ट आणि "बरोबर"चं (=) बटण. एमएसवर पोल-रेक (लांबी-कोन आणि दोन भाग यांची अदलाबदल) करणाऱ्यांना तर कोन बघायला आरसीएल एफ दाबावं लागतं, हे जो पहिल्यांदा विसरतो त्याचा अख्खा फेझर (करंट-व्होल्टेज दाखवणारा बाण) उताणा पडतो. ८२ वर हेच गणित तुकड्या-तुकड्याने पोल-रेक करत बसायचं. होतं, पण सहा मार्कांच्या प्रश्नात ती मिनिटं कुठून आणणार?

मग सगळ्यात नवा, एफएक्स-९९१सीडब्ल्यू का नाही? त्याचा स्क्रीन सुरेख आहे, वाईट म्हणायची माझी हिंमत नाही. त्याच्या आधीचा ९९१ईएक्सही उत्तम होता, चार अनोळखी संख्यांची समीकरणं सोडवायचा. पण सीडब्ल्यूने बटणांची जुनी मांडणीच बदलली. मोडचं बटण गेलं, होम आलं. "बरोबर"च्या जागी एक्झी आलं. आता मी फळ्यापाशी उभा राहून "शिफ्ट मोड तीन" म्हणतो तेव्हा वर्ग एकदम तीन बटणं दाबतो, आणि सीडब्ल्यूवाला एकटा पोरगा मान वर करून बघत राहतो. त्याचं यंत्र भारी, पण त्याला सांगायला कोणी नाही. शेजारच्याला विचारावं तर त्याच्याकडे ती बटणंच नाहीत, सीनिअरला विचारावं तर तोही ईएसवाला. कॅल्क्युलेटर मॅन्युअल वाचून कोणी शिकत नाही. तो बाकावर, शेजाऱ्याच्या हातात बघून शिकला जातो. म्हणून म्हटलं, वर्गात आहे तोच. उद्या अख्खा वर्ग सीडब्ल्यू घेऊन आला तर मीही शिकेन आणि फोनवर तेच नाव सांगेन.

ऑर्पॅट, फ्लेअर हेही मिळतात आणि खिशाला हलके असतात. बटणांची जागा आणि कॉम्प्लेक्स मोड बघून घ्या, जमत असेल तर जरूर घ्या. भीती आहे ती नकली कॅसिओची. छापील किमतीच्या निम्म्यात "नवा" ९९१ मिळतोय, बटणावरची अक्षरं नखाने खरवडली की निघतायत, तर तो तिथेच ठेवा.

कुठलाही घेतला तरी मार्क जातात ते यंत्रामुळे नाही. पेपर तपासताना मला दोन-तीन चुका इतक्या वेळा दिसतात की उत्तर बघूनच कोणती बटणं दाबली ते सांगता येतं.

कपॅसिटरचा रिॲक्टन्स (एसीला तो करतो तो विरोध) काढायचाय. सूत्र एक भागिले दोन पाय एफ सी. ५० हर्ट्झ, १०० मायक्रोफॅरड. उत्तर ३१.८३ ओहम. पोरगं टाइप करतं: १ भागिले २ गुणिले पाय गुणिले ५० गुणिले १०० गुणिले १० चा वजा सहावा घात. यंत्र बिचारं डावीकडून उजवीकडे जातं, एकाला फक्त दोनने भागतं आणि बाकीच्याने गुणतं. उत्तर ०.००७८५. आणि तेच पेपरात उतरतं, खाली "ओहम" लिहून, चौकट आखून. भागाकाराखाली जे जे आहे ते कंसात घाला, एवढंच. गंमत म्हणजे गुणाकाराचं चिन्ह न घालता नुसतं २ पाय लिहिलं तर कॅसिओ ते दोन्ही एकत्र धरतो. त्यामुळे भागाकाराखाली नुसतं २ पाय असेल तिथे काहींचं चुकून बरोबर येतं आणि मग त्यांना कंसाची गरज कधी पटतच नाही.

दुसरी चूक दहाच्या घाताची. एमएसवर ईएक्सपी आणि ईएसवर गुणिले दहाचा एक्स घात असं एकच बटण आहे. त्यात दहा आधीच आलेला असतो. तरी मुलं १० टाइप करून मग ते बटण दाबतात आणि वजा ६ टाकतात. झालं वजा ५. पुढचं सगळं गणित दहापट सरकतं. पद्धत बरोबर, पायऱ्या बरोबर, उत्तर दहापट. पायऱ्यांचे मार्क मी देतो, उत्तराचे कसे देऊ?

तिसरी सगळ्यात वाईट, कारण ती दिसत नाही. स्क्रीनच्या वरच्या कडेला इवलंसं डी, आर किंवा जी असतं. अंश, रेडियन, ग्रेडियन. गणिताच्या पेपरला सरांनी सांगितलं म्हणून पोरगं आर करतं, आणि ते बरोबरच आहे. शून्य ते पाय बाय दोन साइन एक्सचं इंटिग्रेशन रेडियनमध्येच १ येतं, अंशात ठेवलं तर ०.०२ असलं काहीतरी येतं. पण दुसऱ्या पेपरला ते आर तसंच राहतं. साइन ३० काढलं तर उत्तर वजा ०.९८८ येतं, त्यामुळे निदान डोळे उघडतात. पण आमच्याकडे कॉस लागतो: व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले कॉस म्हणजे वॉट. पॉवर फॅक्टरचा कोन ३० अंश, कॉस ३० म्हणजे ०.८६६. रेडियनमध्ये तो ०.१५४ येतो. धन आहे, एकाहून लहान आहे, दिसायला सज्जन आहे. २३० व्होल्ट, ५ अँपिअरला ९९६ वॉट यायला हवेत तिथे १७७ वॉट लिहून मुलगा पुढच्या प्रश्नाला जातो. म्हणून पेपर हातात पडला की नाव-नंबर लिहायच्या आधी साइन ३० दाबा. अर्धा आला तर पुढे जा. मित्राने आदल्या दिवशी मागून नेला असेल तर ईएसवर शिफ्ट, ९, ३, बरोबर, एसी दाबून सगळं मूळ पदावर आणा, यंत्र अंशात येऊन उभं राहतं.

हॉलमध्ये मात्र मागायचा आणि द्यायचा नाही. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर कॅल्क्युलेटर गेला आणि स्क्वॉड (भरारी पथक) दारात असलं, तर त्यात उत्तर लपवलं होतं की नव्हतं याचा खुलासा करण्यात तुमचा पेपर संपतो.

नवाच हवा का, हाही प्रश्न येतो. मुळीच नाही. शेवटच्या वर्षाची मुलं जूनमध्ये ड्राफ्टर (ड्रॉइंगचं साधन), ॲप्रन आणि कॅल्क्युलेटर एकगठ्ठा विकतात. चालू ९९१एमएस मिळाला तरी डिप्लोमा सहज निघतो. घेताना प्रत्येक बटण एकदा दाबून बघा, विशेषतः शिफ्ट, बरोबर आणि ४, ५, ६. तीच आधी बसतात. अंधारात सोलर पट्टीवर बोट ठेवून स्क्रीन विझतो का बघा. विझला तर आतला बटण सेल गेलाय, तेवढे पैसे कमी करून घ्या. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारा, नवा घ्यायचा असला तरी भाव कळतो.

गेटची (एमटेकच्या प्रवेशपरीक्षेची) तयारी करणाऱ्यांनो, तुम्ही कुठलाही घ्या, तो हॉलबाहेरच राहणार आहे. तिथे संगणकाच्या पडद्यावरचा कॅल्क्युलेटर माउसने चालवायचा. त्यात आधी ३० आणि मग साइन, म्हणजे आपल्या सवयीच्या बरोबर उलट. शेवटचे दोन-तीन महिने ९९१ कपाटात ठेवून त्याच्यावरच सराव करा.

एक बाई दरवर्षी विचारतात, अमेरिकेतल्या नातवासाठी इकडून ९९१ पाठवू का? स्वस्त पडतो. नका पाठवू. त्याच्या हायस्कूलमध्ये वर्गाला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ लागत असेल तर तोच लागेल, महाग असला तरी. एसएटीची (तिकडच्या कॉलेजप्रवेशाची) परीक्षा तर आता संगणकावरच असते आणि तिच्यात डेसमॉसचा आलेखवाला कॅल्क्युलेटर आयताच दिलेला असतो. नातवाच्या बाकावर शेजारी काय आहे ते आधी विचारा.

आणि घेतल्याच्या दिवशी पाठीमागे नाव घाला. साठ पोरांचे साठ काळे ९९१ एकाच टेबलावर पडलेले असतात, सगळे एकसारखे. मार्कर घामाने पुसला जातो, कर्कटकाच्या टोकाने एनरोलमेंट नंबर कोरा. झाकणाच्या आत मात्र काही लिहू नका, स्वतःचं नावसुद्धा नको. सुपरवायझर पहिल्यांदा तिथेच बघतात.