३० सप्टेंबरचा पट

माझी मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. यात कर्तृत्व काही नाही. शिक्षण हक्क कायद्यानं समितीत ७५ टक्के पालक लागतात, निम्म्या बायका लागतात, आणि समिती निवडायच्या सभेत मी पुढच्याच सतरंजीवर बसले होते.

गावाला वाटतं शाळा गुरुजी चालवतात. गुरुजींची भरती पवित्र पोर्टलवर, बदली ऑनलाईन, पगार शालार्थ या सरकारी प्रणालीवर. वर केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, कोल्हापूरला शिक्षणाधिकारी. शिक्षण सभापती म्हणून निवडून आलेलं माणूस असतं, पण मार्च २०२२ ला झेडपीची मुदत संपली तेव्हा काही वर्षं प्रशासक बसला. पण खरा मालक यातला कुणीच नव्हे. खरा मालक पट, म्हणजे शाळेत नाव असलेल्या पोरांचा आकडा.

शिक्षण हक्क कायद्यानं ६० पर्यंत पट असला की दोन शिक्षक, ६१ झाला की तिसरा. वर्षाचं संयुक्त अनुदानही पटावरच: ३० पर्यंत १०,०००, पुढं १०० पर्यंत २५,०००. खडू, लाईटबिल, संडासची सफाई, सगळं त्यातच. आमचा पट ५७. म्हणजे दोन शिक्षक, पाच वर्ग. एक गुरुजी मीटिंगला गेले की बाई एकट्या पाचही वर्ग सांभाळतात.

हा पट मोजतात ३० सप्टेंबरला, सरकारी पोर्टलवर. आणि आमच्या कागल भागात पोरं वाढतात ती त्यानंतर. दिवाळीच्या आगंमागं साखर कारखाने पेटले की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, ओढ्याकडेला खोपी पडतात. गेल्या हंगामात त्यातली नऊ पोरं शाळेत बसली. स्थलांतर करणाऱ्या पोरांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून असतं ते शिक्षण हमी कार्ड दोघांकडंच होतं, तरी गुरुजींनी सगळ्यांना घेतलं, खिचडीही दिली. म्हणजे वर्गात पोरं ६६, कागदावर ५७, कारण ती नऊ त्यांच्या गावच्या शाळेच्या पटावर. तिथं ती सप्टेंबरात मोजली जातात आणि थंडीभर इथं शिकतात. तिसरा शिक्षक मिळायचा कुठून? मी केंद्रप्रमुखांना विचारलं, तर हसून म्हणाले, "ताई, पोर्टलला ऊस कळत नाही."

शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड होता. आता गावातले बरेचजण इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीसाठी महिन्याला हजारात पैसे मोजतात, आणि पट का घसरला म्हणून ग्रामसभेत आम्हालाच विचारतात. ह्यांना दंड कोण करणार?

समितीत ठराव घेतलाय: साखर पट्ट्यात जानेवारीतही एकदा पट मोजावा, आणि वाढीव पोरांपुरता हंगामी शिक्षक द्यावा. एक सदस्य म्हणाले, "परगावच्या पोरांसाठी आपण का भांडायचं?" त्यांच्याच फडात ती टोळी राबत होती. मी तेवढंच बोलले, मग सही झाली. पंचायत समितीत अर्ज देऊन आवक नंबर घेतलाय.

उत्तर येईल तेव्हा येईल. त्याआधी आमच्याच तिघा पोरांचं आधार शाळेच्या नोंदीशी जुळेना झालंय. एकाच्या नावात 'श'च्या जागी 'स' पडलाय. आधार जुळलं नाही तर पट ५४ धरतील. सोमवारी त्यांच्या आयांना घेऊन कागलला जायचंय.